मागच्या चाकावरची दांडी

आमच्याकडं गवत कापायची एक गाडी आहे. बसून चालवायची, लहानशा ट्रॅक्टरसारखी. तिच्या मागच्या उजव्या चाकाच्या वर, पत्र्याच्या आड, बोटाएवढी एक लोखंडी दांडी आहे. दांडी आत असली की गाडी चालते. बाहेर ओढली की इंजिन सुरू होतं, खालची पाती गरगरतात, पण पॅडल कितीही दाबा, चाक जागचं हलत नाही. बंद गाडी हातानं ढकलता यावी म्हणून कंपनीनं केलेली ती सोय.

एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ती दांडी ओढली आणि नंतर परत आत लावली नाही. मोडलं काही नाही, तोडलं काही नाही. फक्त लावली नाही. दौंडचा एक मिस्त्री आणि माझे वडील, एवढ्या दोघांना हे माहीत आहे. बायकोला मी अजून धड सांगितलेलं नाही. मी मुळात बोलणारा माणूस नाही. घरात त्याचं कौतुकच होतं, शांत स्वभावाचा आहे म्हणतात. त्या शांतपणाच्या आड मी काय काय ठेवून देतो, ते माझं मला ठाऊक.

रांजणगावच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं मेंटेनन्सला होतो. पाळ्या करून करून विटलो. आमचं रान न्हावऱ्याकडून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. शिरूरकडची माणसं येणार, दौंडकडची येणार, पार्किंगला जागा भरपूर. तेव्हा रस्त्याकडेच्या तुकड्यात कांदा घ्यायचं थांबवून मी तिथं लग्नाचं लॉन्स केलं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, आडकाठी केली नाही. एवढंच म्हणाले, "जल्म गेला गवात उपटण्यात. आता गवात पेरायचं म्हंतोस, तर पेर."

गवत उगवलं, स्टेज झालं, कारंजं झालं, तरी आबा तिकडं फिरकत नसत. दुरून बघायचे, जसं शेजाऱ्याचं पीक बघावं. मग ही गाडी आली. टेम्पोतून उतरवली, कंपनीचा माणूस माहिती द्यायला आलेला. तो मला मागं नेऊन ही दांडी दाखवत होता, तोवर आबा सीटवर जाऊन बसलेसुद्धा. "ह्याच्यात शिकायचं काय? ना बैल, ना जू." त्या दिवसापासून गाडी त्यांची झाली. तिला ते खोंड म्हणायचे.

सकाळचा चहा झाला की धोतर गुडघ्यावर खोचून, टोपी घट्ट करून आबा खोंडावर बसायचे. नांगराचं तास धरावं तसे सरळ पट्टे काढायचे. वळताना तोंडानं च्यक् करायचे, बैलाला करतात तसं. सीटखाली एक स्विच असतो, माणूस उतरला की इंजिन आपोआप बंद होतं. त्याचं त्यांना फार अप्रूप. येईल त्याला उतरून दाखवायचे. "बघा. धन्याबिगर चालत न्हाई. बैलापरीस इमानी हाय."

आता मी असं का केलं ते सांगतो. कारणं दोन आहेत. पहिलं मी स्वतःला सांगत आलो, ते आधी सांगतो.

लॉन्सच्या पलीकडच्या कडेला आमचं शेततळं आहे, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं. भाद्रपदात पाऊस पडून गेल्यावर आबा त्या कडेनं गाडी फिरवत होते आणि मागचं चाक घसरलं. गाडी तारेच्या कुंपणाला टेकून थांबली. कुंपण नसतं तर गाडी आणि आबा दोघं पाण्यात. आबा हसत उतरले. "पाणी पाजायला नेत व्हतो, त्येला तहान न्हाई." बायको संध्याकाळी मला म्हणाली, "आबांना आता त्या गाडीवर बसू देऊ नका. पण सांगा तुम्ही, मी नाही सांगणार." मीही नाही सांगितलं. आबांना कुणी 'हे करू नका' म्हणालेलं आमच्या घरात कुणाच्या ऐकिवात नाही.

दुसरं कारण त्याच्या पुढच्या आठवड्यातलं. वाघोलीकडची एक पार्टी लॉन्स बघायला आलेली, मुलीचा मामा, आत्या, आणखी दोघं-तिघं. आबा गाडी घेऊन नेमके आमच्यासमोर आले. मी हात केला, त्यांनी इंजिन बंद केलं. मामा म्हणाला, "गवत जरा बारीक ठेवायला सांगा हो. फोटोत चांगलं दिसतं."

आबाच बोलले. "बारीक ठिवलं तर जळंल. आन् गवात काय फोटूसाठी आसतं व्हय? हितं कांदा व्हायचा पाव्हणं, ठावं हाय का? ह्यो येवढाला." त्यांनी पंजा पसरून दाखवला.

मामा हसला. आत्यानं मला विचारलं, "हे माळी का तुमचे? फार बोलतात."

मी म्हणालो, "हो. जुने आहेत."

आबांनी किल्ली फिरवली आणि गाडी घेऊन पुढं गेले. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. आत्या त्यांच्या कुठल्या बाजूला उभी होती, हे मी नंतर किती वेळा आठवून पाहिलं असेल. कधी डावी आठवते, कधी उजवी.

म्हणजे शेततळ्याची भीती खरी होती. पण मला आबा गाडीवरून उतरायला हवे होते ते त्या भीतीपायी कमी आणि त्या 'हो'पायी जास्त. ते गाडीवर दिसले की मला तो 'हो' ऐकू यायचा.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या लोखंडाची पूजा असते. खुरपी, कोयते, पाने, पाण्याची मोटर, सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. त्या दिवशी मांडलेल्या हत्यारानं काम करायचं नाही. दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत त्याला विश्रांती. त्यामुळं गाडी पूजेच्या जागी चालवत नेत नाहीत, ढकलत नेतात. दर वर्षी मी मागं वाकून दांडी ओढायचो, दोन गडी ढकलायचे, आणि आबा पुढं, गाडीकडं तोंड करून, उलटे चालत यायचे. "हं, हं, ये राजा, ये." मागं काय होतं ते त्यांना कधी दिसलंच नाही. त्यांना वाटायचं, बंद गाडी ढकलली की जाते, सायकल जाते तशी.

त्या वर्षीही तसंच झालं. आबांनी स्टेअरिंगला माळ घातली, बॉनेटला पाच बोटं हळदीची लावली, नारळ फोडून पाणी चाकावर सोडलं. दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटलं, गाडी ढकलत शेडमध्ये नेली. गडी गेले. मी मागं वाकलो. दांडीला हात लावला. आणि तसाच उभा राहिलो.

विचार असा काही केला नाही. हात मागं घेतला, शेडचा दरवाजा ओढला, घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी गाडी सुरू केली. पॅडल दाबलं. इंजिनचा आवाज बदलला, गाडी जागेवरच. पुन्हा दाबलं. उतरून पुढं आले, चाकाखाली दगड आहे का बघितलं. मी ओट्यावर दात घासत होतो.

"आरं, खोंड बसला बघ."

"बघतो आबा," मी म्हणालो.

मला वाटलं होतं, चार दिवस खटपट करतील, कंटाळतील आणि सोडून देतील. बाप आपलाच असून मला तो एवढाही माहीत नव्हता. आबांनी उमेदीच्या काळात विहिरीवरचं ऑइल इंजिन स्वतः उघडून स्वतः बसवलेलं. त्यांनी शेडमध्ये पोतं अंथरलं आणि गाडी उघडायला घेतली. खालचा पत्रा काढला, पाती काढली. पात्यांच्या दांड्याला काय काय गुंडाळलेलं होतं. मुंडावळीचे मोती, जरीचे धागे, बायकांच्या पिना, हाराचा दोरा, रंगीत कागद. आबा एकेक सोडवून पोत्यावर ठेवत होते. "किती लग्नं खाल्ली रं ह्यानं!" त्यांना वाटलं दोराच कारण असेल. सगळं साफ करून परत बसवलं. गाडी हलली नाही.

मग बेल्ट. मग बेल्ट ताणून धरणारी पुली. मग तिची स्प्रिंग. मी शेजारी बसून पाने द्यायचो.

"तेरा-चौदाचा दे."

मी तेरा-चौदाचा द्यायचो. कंपनीत मी लाखमोलाची मशिनं उघडलेली, आणि इथं बापाच्या हातात एकेक पाना ठेवत होतो, ज्याचा काही उपयोग नाही हे माहीत असताना. आबा मधून मधून खुशीत यायचे. बऱ्याच वर्षांत आम्ही दोघं एका कामाला असे बसलो नव्हतो. ते ऑइल इंजिनच्या गोष्टी सांगायचे, मी ऐकायचो. खोटं बोलायचं तर मी म्हणेन की त्या दिवसांत मला फक्त टोचणी होती. पण मला त्यांच्याजवळ बसायला बरंही वाटत होतं, आणि त्याचीच आज जास्त लाज वाटते.

एकदा ते गाडीमागं उकिडवे बसले होते. म्हणाले, "एक गंमत बघ. ढकलली की पळती, आन् बसलं की पळत न्हाई. असं कसं?"

मी फडक्यानं पाना पुसत राहिलो.

मग त्यांचा हात पत्र्याच्या आड गेला. "ही दांडी कशाची रं?"

तोवर मी काही खोटं बोललो नव्हतो. फक्त एक गोष्ट करायची राहिली होती, आणि ती केव्हाही करता आली असती. त्या क्षणी ती केली असती तरी हसण्यावारी गेलं असतं. 'अरेच्चा, हीच राहिली की लावायची', एवढं म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "ब्रेकची असेल. तिला हात नका लावू, आबा."

त्यांनी हात काढून घेतला. "तुला कंपनीवाल्यानं दाखिवलंय. तुला ठावं."

त्यानंतर मिस्त्री आणणं आलंच. आबांनीच दौंडचा एक शोधला, पॉवर टिलर, फवारणीचे पंप असलं दुरुस्त करणारा. तो मोटारसायकलवर आला आणि गाडीखाली आडवा झाला. नुसते पाय बाहेर. आबा चहा सांगायला घराकडं गेले.

खालून आवाज आला, "भाऊ, जरा बॅटरी धरा." मी वाकलो. त्याचं बोट दांडीवर होतं. "ही वढलेली हाय की."

"माहीत आहे. राहू द्या."

तो तसाच उताणा माझ्याकडं बघत राहिला. मग हसला. "आस्सं हाय! म्हाताऱ्याला उतरवायचंय व्हय?"

मी बॅटरीचा उजेड दुसरीकडं वळवला.

"लाजू नका हो. आमच्या म्हाताऱ्याच्या मोपेडचा प्लग मीच काढून ठिवला व्हता. कुटं बी जाऊन पडायचा. मिस्त्रीचा बाप, आन् मोपेड चालू व्हईना! आख्खी गल्ली हसायची."

"मग?"

"मग काय. गेला वर्सानं. मोपेड हाय अजून. एका किकमधी चालू व्हती."

आबा चहा घेऊन आले. मिस्त्री हात पुसत बाहेर आला आणि सफाईनं म्हणाला, "आबा, आतला पार्ट गेलाय. आपल्याकडं मिळत न्हाई, बाहेरनं मागवावा लागंल. येळ लागंल."

"लागू दे," आबा म्हणाले. "तुळशीची लग्नं लागायच्या आत आला म्हंजी झालं. मग माणसांची सुरू व्हत्यात."

मिस्त्री गेला. मला हलकं वाटलं. खोटं आता माझ्या एकट्याचं राहिलं नव्हतं.

दिवाळी झाली. गवत वाढलं, तेव्हा मी सणसवाडीकडचा एक गडी लावला, पाठीवरचं ग्रासकटर घेऊन यायचा. आबा स्टेजच्या पायरीवर बसून बघायचे. "लेका, कापतोस का उपटतोस? बकरी बरी तुझ्यापरीस." त्याला मराठी फार येत नसे. तो म्हणायचा, "हाँ बाबा, हाँ," आणि तसंच पुढं. नंतर आबांनी बोलणं सोडलं. मग पायरीवर बसणंही सोडलं. दुपारी 'चौफुल्याला जाऊन येतो' म्हणून निघायचे आणि दिवेलागणीला परत. बायको म्हणाली, "बरं झालं, चार माणसांत मन रमतं त्यांचं." मलाही तसंच धरून चालायचं होतं.

मग मिस्त्रीचा फोन आला.

"भाऊ, तुमचं आबा बसल्यात हितं दुकानात."

"दौंडला?"

"मग कुटं? एक दिसाआड येत्यात. पार्ट आला का इचारत्यात. न्हाई म्हणलं तर म्हंत्यात, बसतो, पार्सलची गाडी यायची आसंल. आन् बसत्यात. भाऊ, मला आता न्हाई जमायचं. आमचा म्हातारा आसाच बसायचा, मोपेडकडं बघत. तुम्ही घेऊन जावा त्यास्नी."

वडापच्या जीपनं चौफुला, तिथनं एसटीनं दौंड, आणि तेवढंच परत. त्यांचे गुडघे मला माहीत होते.

मी कार काढून गेलो. दुकानाबाहेरच्या बाकावर आबा बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. मला बघून दचकले. चोरी सापडल्यासारखे उठले. "तू कशाला आलास? मी येतच व्हतो." पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला गाडीचा बेल्ट होता, नमुना म्हणून आणलेला. धडधाकट बेल्ट. आणि फडक्यात अर्धी भाकरी. मिस्त्री आतल्या अंगाला तोंड करून काहीतरी घासत राहिला, वळला नाही.

पाटस गेलं. आबा पिशवी धरून समोर बघत होते. चौफुल्याला वळलो, केडगाव मागं पडलं. भीमेचा पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "गाडी घे जरा बाजूला."

मला वाटलं त्यांना उतरायचं असेल. मी कडेला घेतली. उसाच्या ट्रॉल्या शेजारून जात होत्या.

"तुला एक सांगायचं राहिलंय," आबा म्हणाले. "खोंड मीच मोडलाय."

मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"गणपतीत. कारंजाच्या कट्ट्याला धडाकलो. उन्हाचं दिसलं न्हाई. कडाडकन आवाज आला. तवाच आत काय तरी तुटलं आसणार. तिथं कट्ट्याचा टवका बी उडालाय, मी कुंडी सरकावून ठिवली त्येच्या म्होरं. तुला बोललो न्हाई. म्हणलं, बोललो तर तू उतरिवशील मला."

एक ट्रॉली गेली. धूळ खाली बसली.

"आन् तू बिचारा पानं देत बसतोस, मिस्त्रीचं पैसं देतोस, पार्ट मागिवतोस. येका शब्दानं इचारलं न्हाईस, आबा, काय केलं म्हणून. म्हणलं, आपणच जावं, आपणच आणावा. माझ्याच्यानं झालंय."

तिथंच सांगायला हवं होतं. मी गिअर टाकला आणि निघालो. उरलेल्या रस्त्यात ते हलके झाल्यासारखे बोलत होते, कुणाचा ऊस किती झाला, कुणाच्या विहिरीला पाणी किती. मी हूं हूं करत होतो.

घरी आल्यावर मी कार सरळ शेडपाशी नेली. "आबा, बेल्ट द्या."

"आरं, पार्ट न्हाई आला, नुसता बेल्ट घालून काय करशील?"

"द्या तर."

मी पोत्यावर आडवा झालो. या वेळी पाने ते देत होते. पुली बसवली, स्प्रिंग अडकवली, बेल्ट चढवला, पत्रा लावला. एक नट दोनदा पडला. आबा म्हणाले, "सावकाश. कुटं लगीन हाय आज?"

मग मी मागं गेलो. "आबा, इकडं या. बघा."

ते वाकले, गुडघ्यावर हात ठेवून. मी दांडी अंगठ्यानं आत दाबली. टक् आवाज झाला, अगदी बारीक.

"बसा आता."

ते बसले. किल्ली फिरवली. पॅडलवर पाय ठेवला आणि गाडी एकदम पुढं गेली, शेडच्या बाहेर, उन्हात. दहा-बारा पावलं गेली असेल. आबांनी थांबवली. इंजिन चालू होतं. मागं वळून त्यांनी मला हाक मारली नाही. मीच गेलो त्यांच्याजवळ.

"ब्रेकची म्हणला व्हतास तू."

"व्हय."

"म्हंजी तुला ठावं व्हतं."

"व्हय." त्यांच्या बोलीतलं ते 'व्हय' माझ्या तोंडून कितीतरी वर्षांनी येत होतं. कंपनीत लागल्यापासून मी 'हो' म्हणायला शिकलो होतो.

"कवापासनं?"

"खंडेनवमीला मीच ओढली होती. लावली नाही. मुद्दाम."

आबा उतरले. इंजिन आपोआप बंद पडलं. एवढा वेळ त्या आवाजाचा आडोसा होता, तोही गेला.

"उतर म्हणला आसतास, तर मी उतरलो नसतो का रं?" ते म्हणाले. मग, खरं ते बोलावं म्हणून असेल, "न्हाई. नसतो उतरलो. भांडलो आसतो तुझ्याशी. पर भांडायचं व्हतं की मग! बाप हाय तुझा. भांडायचं."

मला रागावतील, शिव्या घालतील असं वाटत होतं. मला त्या हव्याच होत्या. ते सावकाश कारंज्याकडं चालत गेले, कट्ट्यापुढची जास्वंदीची कुंडी दोन्ही हातांनी ओढत बाजूला केली. टवका उघडा पडला, तळहाताएवढा, आत विटेचा लाल रंग.

"हे माझं," ते म्हणाले. "मी सांगितलं." आणि घराकडं गेले.

पुढं कितीतरी दिवस ते गाडीवर बसले नाहीत. मी आधी म्हणून बघितलं, मग बायकोकरवी म्हणून बघितलं. "तुमी चालवा की," एवढंच. मीच चालवायचो. माझे पट्टे वाकडे यायचे. ते बघायचे, पण चेष्टा करायचे नाहीत. ग्रासकटरवाल्याची तरी केली होती.

संक्रांतीनंतर एका सकाळी मी गाडी काढत होतो, तर धोतर खोचलेले आबा शेडपाशी उभे. म्हणाले, "आज मी बसू का?"

मला एवढा आनंद झाला की त्या वाक्यातलं काही लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. "बसू का?" मग रोज. शेततळ्याची कड त्यांनी न सांगता माझ्यासाठी सोडून दिली. बाकीचं सगळं गवत पूर्वीसारखं कापतात, सरळ पट्टे, वळताना च्यक्. पण बसायच्या आधी विचारतात. मी आंघोळीला असलो तर थांबतात. ज्या माणसानं त्या रानात विहीर खणताना, कांदा लावताना, बैल विकताना कुणाला विचारलं नाही, तो त्याच रानात उभा राहून मला विचारतो. किती वेळा म्हटलं, "आबा, विचारता कशाला?" म्हणतात, "इचारल्यालं बरं."

यंदाच्या खंडेनवमीला गाडी ढकलायची वेळ आली, तेव्हा आबा पुढं गेले नाहीत. मागं थांबले. वाकून, पत्र्याच्या आड हात घालून त्यांनी दांडी स्वतः ओढली. गडी ढकलू लागले. पुढं उलटं चालायला कुणीच नव्हतं, म्हणून गाडी दोनदा वाफ्यात गेली. पूजा झाली, सोनं झालं, गाडी शेडमध्ये आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो तर आबा गाडीशेजारी उभे होते, टोपी घट्ट करून. दांडी बाहेरच होती.

"लाव," ते म्हणाले.

"तुम्ही लावा ना, आबा. तुम्हाला येते आता."

"तू लाव. तुझ्या हातानं."

मी खाली बसलो, दाबली. टक्.

"लागली?"

"लागली."

"मग बसू का?"

दोन्ही गडी झेंडूच्या माळा गोळा करत होते. त्यांतला एक हसत म्हणाला, "आबा, तुमचंच रान, तुमचीच गाडी, आन् इचारताय काय?"

आबाही हसले. सीटवर चढता चढता त्याला म्हणाले, "आरं, माळ्यानं इचारूनच बसावं. जुना आसला म्हणून काय झालं?"

गडी आणखी हसला. आबांनी किल्ली फिरवली, पॅडल दाबलं आणि गाडी बाहेर काढली. हळदीची पाच बोटं बॉनेटवर तशीच होती. मी तिथंच मागच्या चाकाच्या जागी बसून राहिलो. आत्या उजव्या बाजूला उभी होती.